जिजीचं रुमणं

शुक्रवार, दिवेलागण

जिजी गेली. माझी चुलतसासू, विधवा झाल्यावर स्वतः नांगर धरणारी गावातली पहिली बाई. बाईने नांगर धरला की वावर वांझ होतं म्हणे! मग दरसाल तिचाच कापूस आधी कसा फुटायचा?

सकाळी सासरे भावाच्या वावरावर हक्क सांगत तिच्या बांधावर आले. "आते बस व्हयनं! वावर मन्हं शे."

जिजी म्हणाली, "मंग नांगर धरीसनी दखाड."

बघणारी माणसं सासऱ्यांना हसली. सासऱ्यांनी नांगराचं रुमणं, ती धरायची दांडी, उपसून तिच्या डोक्यात घातली. ती पडली तरी घालतच राहिले. मी किंचाळले का? आठवत नाही. फक्त तो आवाज.

उद्या पोलीस विचारतील. नवरा म्हणतो, "दगडवर पडनी, आसंच सांग." रुमणं त्यानेच धुऊन परत बसवलं. मी ते गोठ्यातून काढून आणलं. जिजीच्या मुठीने पडलेला खोलगटपणा तसाच आहे. तो कसा धुणार?

रुमणं मांडीवर आहे. कडी लावलीय. नवरा दारावर लाथा मारतोय, रुमणं मागतोय.

मोडू दे दार. रुमणं घट्ट कसं धरायचं, हे मला जिजीनेच शिकवलंय.