बसून घेतलेलं माप

१२ सप्टेंबर १९७०, शनिवार

पुंजारामदादा मशीन बघून गेला! बघून म्हणजे कसं – पायडल हलवलं, चाक फिरवलं, खाली वाकून पट्टा चाचपला. बाजारात बैलाचे दात बघतात तसं. दसऱ्याला आपल्या दुकानात नेणार म्हणे. चुलतभाऊ असला म्हणून काय झालं, मला त्याचा हात मशीनवर बघवला नाही.

अण्णांनी परस्पर ठरवून टाकलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, सुईत दोरा मी ओवते, काजं मी करते, निम्मं शिवणही माझंच. पण पाटी अण्णांच्या नावाची, 'राधाकृष्ण टेलर्स'! आज विचारलंच मी, मशीन का देता म्हणून. तर म्हणाले, "निस्ती पोलकी शिवून दुकान चालतं व्हय, विजू? गडीमानसाचं माप तू घेशील का?"

मला शर्ट येतो, लेंगा येतो, कोटाची कॉलरसुद्धा येते. माप तेवढं घेता येत नाही. म्हणजे येतं, पण घ्यायचं नाही. आजवर अण्णा आकडे सांगत आले आणि मी लिहीत आले. आता त्यांना टेपवरचे आकडे दिसत नाहीत.

आई म्हणते, बरं झालं, आता स्थळं बघू. हिला मशीन गेल्याचा आनंदच!

१६ सप्टेंबर, बुधवार

पितृपंधरवडा लागला. आता पंधरा दिवस कोणी नवं कापड फाडणार नाही. दुकानात मी, अण्णा आणि माश्या.

दुपारी फटफटीचा आवाज आला. गुरांच्या दवाखान्यातला एलिया. लष्कराच्या लिलावातली ती गाडी त्याच्या वडिलांनी नगरहून आणलेली, सगळं शेवगाव आवाजावरून ओळखतं. काखेत एक गाठोडं. सोडलं तर चामड्याचं जाकीट! तपकिरी, कोपरांवर पांढरं पडलेलं, भिजल्या घोंगडीएवढं जड. त्याचे वडील प्रभुदास महायुद्धात फटफटीवरून टपाल नेत, तेव्हाचं.

एलियानं घालून दाखवलं. मला हसू आवरेना. बाप पैलवान आणि हा काटकुळा. लांबी पार मांडीपर्यंत! म्हणाला, "गाडीवर बसलं की म्होरनं टाकीवर घडी पडती आन् कॉलर नाकात जाती, ताई. हिवाळ्यात मला पहाटंच लस टोचायला निघावं लागतं. छातीत वारं भरतं. वडील म्हनले, बारीक करून घाल. पन करतंय कोन? शिंपी म्हनतो चांभाराकडं जा, चांभार म्हनतो शिंप्याकडं जा."

तो शिंपी म्हणजे पुंजारामदादा. हे कळलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं – "ठेवा. मी करते."

अण्णांनी जाकिटाची कड बोटांत धरून बघितली. मग म्हणाले, "कापडाची चूक दुमडून पोटात घालता येती. चामड्याला सुईचं भोक पडलं की पडलं. इचार कर."

विचार केला. नवं शिवत नाही, जुनं उसवते आहे. पितरांची काही हरकत नसावी. आणि हे जमलं तर अण्णा मशीन देणार नाहीत. असं ते म्हणालेले नाहीत. मीच म्हणते आहे.

माप? अण्णांना आकडे दिसेनासे झाल्यापासून घेते तसंच. अंगाला बरोबर बसणारा एक सदरा पाठवा म्हटलं. संध्याकाळीच त्याची आई मरियाबाई देऊन गेल्या, धुऊन, घडी घालून.

१९ सप्टेंबर, शनिवार

कानिफनाथ चांभाराकडे गेले. आधी हसला. मग तीनधारी सुई दिली, मेण लावलेला दोरा दिला, आणि वर सांगितलं – टाचणी लावू नको, तिचंबी भोक ऱ्हातं. कपड्याचे चिमटे लाव. घरातले सगळे चिमटे जाकिटाला लागलेत. आईची ओली लुगडी वाऱ्यानं अंगणभर!

२३ सप्टेंबर, बुधवार

कापलं.

सदरा पसरून तीनदा मोजलं, खडूनं खुणा केल्या, देवाचं नाव घेतलं आणि कात्री चालवली. खालून सहा इंच काढले, पुढून-मागून सारखे. बगलेपासून कमरेपर्यंत दोन्हीकडून आत घेतलं. सदऱ्याची बाही तेवीस, जाकिटाची पंचवीस. बाहीचे दोन इंच काढले. हात दुखून आलेत. कातरण सगळं पिशवीत भरून ठेवलं. आमच्यात कातरण टाकत नाहीत, चिंधीसुद्धा नाही.

२७ सप्टेंबर, रविवार

काय लिहू?

एलिया आला. घातलं. काय बसलं होतं! खांदा खांद्यावर, बाही मनगटावर, लांबी बरोबर कमरेखाली. आईसुद्धा म्हणाली, पोरगं फौजदार दिसतंय. अण्णांनी पाठीवरून हात फिरवला, शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "सरळ हाय." त्यांच्या तोंडून 'सरळ' म्हणजे मोठं बक्षीस. मी हवेत!

मग तो गाडीवर बसला. हात पुढे करून मुठी धरल्या, आणि दोन्ही बाह्या सरसर वर, पार कोपराजवळ! मागून जाकीट चढलं ते बरगड्यांपर्यंत, आतला बनियन सगळ्या रस्त्याला दिसला. बगलेत इतकं आवळलं की बिचाऱ्याला मूठ फिरवता येईना.

पुंजारामदादा नेमका तेव्हाच आलेला. म्हणाला, "झ्याक झालंय की! पन हे उभ्या मानसाचं हाय. फटफटी उभ्यानं चालवत्यात व्हय गं?"

सगळे हसले. एलिया हसला नाही. "असू द्या ताई," म्हणाला. ते जास्त लागलं. त्याच्या बापाची आठवण होती ती, आणि मी ती कापून ठेवली.

अण्णा आत निघून गेले.

२८ सप्टेंबर, सोमवार

रडले. जेवायचं नाही असं ठरवलं होतं. दोन भाकरी खाल्ल्या.

३० सप्टेंबर, बुधवार – सर्वपित्री

आज सापडलं! कावळ्यानं दाखवलं म्हणावं का अण्णांनी?

अण्णा अंगणात कावळ्याला घास ठेवत होते. पत्र्यावर ठेवायचा म्हणून दोन्ही हात वर, टाचा उंच. अंगात ती त्यांची जुनी बंडी, जिला मी गोणपाट म्हणते. हात पार डोक्यावर गेले आणि बंडी तसूभर हलली नाही! पाठ झाकलेली ती झाकलेलीच.

मी तिथूनच ओरडले, "अण्णा, हात खाली घेऊ नका!"

"आगं कावळा उडंल!"

उडाला. पण मी बगलेत बघितलं. कळी! बाही आणि अंग जिथं मिळतं तिथं चौकोनी तुकडा तिरपा बसवलेला. मोट हाकणाऱ्याला, पेंढी फेकणाऱ्याला हात वर करावाच लागतो, म्हणून जुने शिंपी बंडीला कळी घालायचे. अण्णांनी जन्मभर घातल्या. मी शिकलेच नाही. कोण घालतं आता बंड्या, म्हणून नाक मुरडलं.

कातरण पिशवीत आहे. सहा इंचांचा अख्खा घेर आहे. कळ्या निघतील, बाहीला पट्टी निघेल, पाठ खाली वाढवता येईल. फक्त किती, ते सदऱ्यावरून कळणार नाही. सदऱ्याला कोपर नसतं आणि तो फटफटीवर बसत नाही. माप माणसाचं घ्यावं लागणार. गाडीवर बसवून.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "कोन घेनार?"

मी म्हणाले, मी.

हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत!

२ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टी म्हणून एलिया सकाळीच आला. गाडी दुकानापुढे उभी. काल घट बसले, दसऱ्याच्या कपड्यांसाठी रस्ता माणसांनी भरलेला. मी टेप गळ्यात घालून पायरी उतरले. घाबरले होते, खोटं कशाला लिहू!

तोही घाबरलेला. "दुसरा सदरा देऊ का, ताई?"

"नको. बसा. मुठी धरा. खड्डा आल्यावर वाकता तसे वाका."

समोरच्या गोजरबाई ओट्यावरून म्हणाल्या, "बया बया! आता हेच बगायचं राह्यलं हुतं." आई पदर तोंडाला लावून आत गेली. माणसं थांबली. माझा हात टेपसकट हवेतच राहिला. पुढे जाईना.

तेवढ्यात मागून अण्णांचा आवाज. पायरीवर बसून, डोळे मिटून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा –

"मानंच्या मनक्यावर टेप धर, विजू! तिथनं कमरंपातूर. वाकल्याला मोज! सांग किती?"

"साडेसव्वीस!"

"आन् सदऱ्यावरनं, उभ्याचं किती धरलं हुतं?"

"तेवीस!"

"ल्ही. आता खांद्याच्या हाडापासनं. कोपरावरनं जाऊ दे टेप, ताणू नको. मनगटाचं हाड सापडलं का? किती?"

"पंचवीस!"

पंचवीस! म्हणजे बाही मुळात बरोबरच होती. लष्करातल्या त्या कोणा शिंप्यानं बसून माप घेतलं होतं, आणि मी शहाणीनं दोन इंच उडवले. मग छाती मोजली. हात मागून पुढे आणला, टेप जुळवली, आकडा वाचला. झालं. एवढंच असतं ते! आभाळ कोसळलं नाही. गोजरबाईसुद्धा पुढे वाकून बघत होत्या, किती आली ते.

संध्याकाळी मात्र पुंजारामदादा येऊन अण्णांना बरंच बोलून गेला. भाऊबंदांत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई वगैरे. अण्णा ऐकत होते. मला भीती वाटते.

६ ऑक्टोबर, मंगळवार

पुढे आखूड, टाकीला न टेकणारं. मागे साडेतीन इंच जास्त. बाहीला पट्टी. दोन्ही बगलांत कळी – ती तिरपी कशी धरायची ते अण्णांनी माझी बोटं आपल्या बोटांत धरून दाखवलं. तीन सुया मोडल्या. उभं राहिलं की जाकीट जरा वेडंच दिसतं, मागून शेपटासारखं. बाह्या पंज्यावर येतात. दिसू दे!

एलिया घोटण गावापर्यंत जाऊन आला. आला तो ओरडतच, "ताई, वारं न्हाई लागलं!"

प्रभुदासकाका काठी टेकत आले होते. जुनी पंचे‍चाळीस सालची भोकं, माझी नवी भोकं, सगळ्यांवरून बोट फिरवलं. म्हणाले, "मास्तर, माझ्या अंगावर बी हे असं बसलं न्हवतं."

अण्णा नुसते "हं" म्हणाले. बस, हं!

९ ऑक्टोबर, शुक्रवार – खंडेनवमी

मशीन पुसलं, तेल दिलं, झेंडूची माळ घातली. कात्री, खडू, टेप पाटावर मांडले. कानिफनाथाची तीनधारी सुईही ठेवली. अण्णांनी हळद-कुंकू वाहिलं. मी हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना. उद्या दादा टेम्पो घेऊन येणार.

१० ऑक्टोबर, शनिवार – दसरा

दादा आला. टेम्पो दारात. अण्णा पायरीवर उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून, आणि दोन्ही हात आडवे पसरले. मला वाटलं दादाला अडवतात. म्हणाले, "विजू, टेप आन. सदऱ्याचं माप घे माझ्या. पुंजाराम, मशीन रिकामं न्हाई."

चाळीस वर्षं स्वतःचा सदरा स्वतः शिवणारा माणूस! मी मापाला जुना सदरा मागितला नाही. टेप लावली. खांदा साडेपंधरा निघाला. मला लहानपणापासून अठरा वाटायचा. पुन्हा मोजला. साडेपंधराच. लिहून ठेवला.