मूठभर कोंड्याची लेक

१९ ऑक्टोबर १९३४, सांगवी
आमच्या नलूचा ताप आजही उतरला नाही. क्विनीन दिले, निम्मे माझ्या सदऱ्यावर आले. बारामतीचे डॉक्टर म्हणतात, कालव्याच्या काठाला हिवताप असायचाच. मला काय सांगता, कालव्याचीच तर नोकरी करतो. सौ. कोपऱ्यात बसून आहे. आधीची दोन मुले गेली तेव्हाही अशीच बसली होती. मला घरात बसवत नाही आणि बाहेर पाय ठरत नाही. शेतकऱ्यांना पाळीचे पाणी सोडायला गेलो नि कालव्याच्या फाट्याची किल्लीच घरी विसरलो.

२१ ऑक्टो.
सौ.ने आज जे केले त्याला काय म्हणावे. आमच्या कालव्याच्या चौकीमागच्या रानात खतासाठी मेंढरे बसवली आहेत. त्यांची धनगरीण ठकूबाई, बरीच मुले, सगळी जिवंत. सौ.ने नलूला उचलले आणि सरळ तिच्या ओटीत घातले. "आजपासून ही तुमची." ठकूबाईने मूठभर कोंडा सौ.च्या हातावर ठेवला. झाला सौदा. नावही बदलले, धोंडी. ज्या घरात मुले जगत नाहीत तिथले पोर दुसऱ्याचे करून टाकायचे, म्हणजे काळाला ते सापडत नाही. बरे झाले की सूपभर कोंडा देऊन परत मागून घ्यायचे. आमच्या कोकणातही जुन्या बायका करायच्या.

मी म्हटले, काळ एवढा बावळट असता तर काय हवे होते. ठकूबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "सायेब, तुमी गप ऱ्हावा. पोर माजी हाय आता."



२४ ऑक्टो.
ताप उतरला. क्विनीनने की कोंड्याने, हा वाद मी काढला नाही. नलूने ठकूबाईच्या हातची अर्धी भाकरी खाल्ली. मी चुलीमागे जाऊन डोळे पुसले, धुराचे निमित्त बरे असते.

१२ नोव्हेंबर
दिवाळी झाली. आम्ही बाजाराला बारामतीस गेलो होतो, परत येतो तो मागचे रान मोकळे. मेंढरे हलली. ठकूबाई शेजारणीपाशी निरोप ठेवून गेली: "माज्या धोंडीला जपा." तिच्या जातीचे कितीतरी लोक दिवाळी झाली की घाट उतरून आमच्या कोकणात जातात. ही मात्र भीमेकडे गेली.

सौ. सूप हातात घेऊन उभीच राहिली. नलू जरा अंगाने भरली की चांगला दिवस बघून परत मागायचे ठरले होते. ते राहून गेले.
"अगं, पोर आपल्याच घरात आहे ना?"
"घरात आहे. आपली नाही."

३ डिसेंबर
नलू भात खात नाही. भाकरी, वर ठेचा, आणि तिखट लागले की माझ्या धोतराला तोंड पुसते. सकाळी न्हाऊ मीच घालतो. सौ.ला कालव्याचे ते पाणीच नको वाटते. केस विंचरताना नलू ओरडते, "आप्पा, हितं दुकतंय!" साडेतीन वर्षांची पोर. सौ.च्या माहेरची माणसे ऐकतील तर म्हणतील, ही कुठल्या मुलुखात वाढते आहे. मुलुख परकाच आहे. समुद्र नाही, माड नाही, मासा दृष्टीस पडत नाही. मला सवय झाली. सौ.ला होत नाही. दोन मुले इथल्या मातीत ठेवल्यावर ती कशी व्हावी?

२० डिसेंबर
मेव्हण्यांचा निरोप. संक्रांतीनंतर येऊन दोघींना नेणार, आणि नेणार म्हणजे कायमचे. पोर आजोळी वाढावी, इथल्या हवेत नको. सौ.ने आधीच हो म्हटले आहे. मला वर्षाला रजा मिळेल तेव्हा मी जायचे. चूक काय त्यात? काहीच नाही. म्हणून तर जास्त त्रास होतो.

पण सौ. म्हणते, परत मागून घेतल्याशिवाय हिला घाटाखाली नेणार नाही. "ठकूबाईची पोर तिला न विचारता न्यायची, आणि वाटेत काही झालं तर?" मी हसलो. दुपारी कालव्यावर फिरताना एकाएकी ध्यानात आले, ठकूबाई सापडत नाही तोवर नलू इथेच आहे. मग काही हसू आले नाही.

९ जानेवारी १९३५
सौ. येणाऱ्या-जाणाऱ्याला ठकूबाईचा ठावठिकाणा विचारते. मीही विचारतो. मी जरा हळू विचारतो.

१७ जाने., इंदापूर
कचेरीच्या कामाला आलो. बाजारात घोंगड्या विकणारा एक म्हातारा भेटला. सहज विचारले. "ठकू व्हय? ही काय, ओढ्यापल्याड बसलीत मेंढरं. चला, दावतो." म्हटले, मीच जातो. गेलो. ओढ्याच्या बांधावरून लांबून दिसली, हिरवे लुगडे, कमरेवर हात, कुणावर तरी ओरडत होती. हाक मारायला तोंड उघडले. पण तसाच मागे वळलो आणि मोटरचा अड्डा गाठला. कुणाचे काही चोरून आणल्यासारखा चालत होतो.

१८ जाने.
सौ.ने विचारले, काही कळले का? म्हटले, इंदापूरच्या बाजूला नाही. कढी जरा खारट झाली होती, तिलाच नावे ठेवली.

२६ जाने.
झोप नाही, कामात लक्ष नाही. एका शेतकऱ्याची पाळी दुसऱ्याला दिली, दोघांच्या शिव्या खाल्ल्या. नलू खांद्यावर बसून कालव्यावर येते. पाण्यात खडे टाकते, प्रत्येकाला नाव ठेवते. एकाचे नाव आप्पा, तो बुडाला तर म्हणे "आता मी कुनाकडं ऱ्हाऊ?"

बायकोचे म्हणणे मला पटते. इथे पोर जगेल याची हमी मी देऊ शकत नाही. आणि तरी मला ती इथे हवी आहे. एवढे स्वच्छ या वहीतच लिहिता येते.

२ फेब्रुवारी
तोच घोंगडीवाला फिरत आमच्या दारात आला. सौ.ने विचारले तशी त्याने ठकूबाईचा पत्ता दिला. नशीब, माझ्याकडे ओळखीने बघितले नाही. बाजारात चेहरे किती लक्षात ठेवणार. सौ. लगेच उठली. सूप, कोंडा, खण, नारळ. उद्याची मोटर.

३ फेब्रु.
इंदापूरला उतरून ओढ्यापल्याड चालत गेलो. ठकूबाई धावत आली, नलूला उचलून उराशी धरले, तोंडावरून हात फिरवत राहिली. नलू तिच्या नथीशी खेळू लागली, आमच्याकडे बघेना.

सौ.ने सूप पुढे केले. ठकूबाई म्हणाली, "बाय, बापाच्या तोंडानं मागाया लागतंय." रीत तशीच आहे. मी म्हटले, आमची लेक आम्हाला दे. तिने कोंडा घेतला, नलूला माझ्या हातात दिले. मग सौ.कडे वळून सहज बोलली, "मागं सायेब बांधापतूर आलं नि तसंच माघारी फिरलं बगा. म्यां म्हटलं, पोरीचं काय वाईट झालं, सांगाया जीभ उचलंना. तवापास्नं अन्न गोड लागंना मला."

सौ.ने माझ्याकडे बघितले. मी नलूचे झबले नीट करत राहिलो.



४ फेब्रु., सांगवी
मेव्हणे परवा येतात. ट्रंक ओटीवर उघडी आहे. सौ.ची लुगडी घडी होऊन ट्रंकेत गेली. नलूचे कपडे बाहेर चटईवर आहेत.

दुपारी मी जेवायला बसलो तेव्हा सौ. पाट ओढून समोर बसली. भांडायला बसली असे वाटले. तयारीत होतो. ती म्हणाली, "तुम्हाला ती इथे हवी होती, तर मला सांगायचं होतं. त्या बाईला कशाला इतके दिवस पोर मेली म्हणून रडवलंत?"

मी म्हटले, "सांगितलं असतं तर राहिली असतीस?"

"विचारलंत कधी?"

ताटातला भात तसाच राहिला. ती उठून गेली नाही. वाट बघत बसली. नलू दारातून आत आली, माझ्या मांडीवर चढली आणि भाकरी मागू लागली. मी तिला घास भरवला. नंतर सौ.कडे बघून, राहशील का, असे विचारायला तोंड उघडले, तर कालव्याच्या कडेने पाळीचे शेतकरी हाका मारत आले. काठ फुटून पाणी रानात चालले होते, जावे लागले.

आता दिवेलागण झाली. फुटलेला काठ बांधून परत आलो आहे. सौ. आत चुलीपाशी आहे. ही ओळ संपली की उठतो.