सगळे छेदनबिंदू शोधा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावजींचा खोकला? आम्ही इकडे धडधाकट आहोत. फक्त मी गेल्या मंगळवारी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, शाळेपासून राहिलेला गणिताचा पेपर देऊन आलो. (हसून झालं की पुढे वाच.)

तीस वर्षं मी गणिताची पुस्तकं शिवली, बांधली, डिंक लावून दाबली. उघडून एक पाहिलं नाही. शिकवलं ते सूनबाईने. तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली तरी आमचं बोलणं ‘चहा ठेवू का’ आणि ‘ठेव’ यापलीकडे गेलं नव्हतं. तिने आपला आलेख काढणारा कॅल्क्युलेटर माझ्या हाती दिला; या परीक्षेत तो चालतो. दोन समीकरणं भरायची, पडद्यावर दोन रेघा उमटतात आणि त्या एकमेकींना कुठे छेदतात ते यंत्र सांगतं. पण आधी तेच आपल्याला विचारतं: पहिली रेघ कुठली? दुसरी कुठली? तुमचा अंदाज काय? (अरे बाबा, अंदाज असता तर तुझ्या दारात कशाला आलो असतो?)

पेपरात एक रेघ सरळ होती, एक वाटीसारखी वाकलेली. सगळे छेदनबिंदू शोधा. यंत्राने एक दिला: उणे दोन, चार. लिहून मोकळा झालो, पेन खिशाला लावलं. मग तो ‘सगळे’ टोचायला लागला. सूनबाई रोज म्हणायची, “बाबा, पडदा संपला म्हणजे रेघ संपली असं नाही.” पडद्याची हद्द वाढवायला गेलो तर भलतंच बटण दाबलं गेलं आणि दोन्ही रेघा गडप! मला दरदरून घाम फुटला. पर्यवेक्षिका बाईंनी पाणी आणून दिलं. एकेक आकडा पुन्हा भरला. आडवं वीसपर्यंत, उभं दोनशेपर्यंत. आणि ताई, पार वर, उजवीकडे, त्या पुन्हा भेटल्या: बारा, एकशे चव्वेचाळीस. भर वर्गात माझे डोळे भरून आले.

फाटकापाशी सूनबाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून उभी होती. “किती बिंदू?” म्हणाली. “दोन,” मी म्हटलं. तिने माझी पिशवी काढून घेतली, आणि घर येईपर्यंत आमची दोघांची तोंडं मिटली नाहीत.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे पत्र महिनाभर खिशातच राहिलं. तेवढ्यात निकाल लागला. काठावर, पण पास.

पुन्हा ता. क. : माझ्या तापापायी तू घरी थांबलीस आणि तुझा गणिताचा पेपर बुडाला, तो कायमचाच. कधी बोलून दाखवलं नाहीस. सोबत त्याच परीक्षेचा तुझ्या नावाचा अर्ज आहे. फोटो तेवढा चिकटव. तुझी सही मीच ठोकली आहे. रागवायचं असेल तर इथे येऊन रागव.