उन्हानं विटलेली बाहुली

मंगळवार, संध्याकाळ

आज मेंढरं वळणारी कडूबाई आली होती. तिची रेखा गावच्या वाचनालयात बसून पोलीस भरतीचा अभ्यास करायची. ते वाचनालय आम्ही पाडलं. आम्हीच, कारण वाचनालय समितीच्या ठरावावर माझीही सही आहे. "आधी जुनं पाडू, काम सुरू करू, निधी मागून येतोच," सरपंच म्हणाले आणि मला ते खरं वाटलं. नव्या इमारतीचे खांब उभे राहिले, निधी आलाच नाही. तीन वर्षं झाली. नजर लागू नये म्हणून कडूबाईनं खांबाला बांधलेली काळी बाहुली तेवढी वाऱ्यावर हलते.

"ताई, रेखाचं लगीन ठरलं, तेलगावला," ती म्हणाली. "आमच्या घरात धा माणसं. कुठं वाचंल ती?"

इतकी घाई कशाची होती मला, सही करायची?

"एक काळं फडकं द्या की. बाहुली उन्हानं पार पांढरी पडली."

"आता कशाला, कडूबाई?"

"धाकटी हाय न्हवं अजून!"

धाकटी यंदा पहिलीत गेली. मी माझा काळा परकर फाडून दिला.