बाथरूममधला निवटा

३ नोव्हेंबर, सोमवार
टाकीतले शेवटचे दोघंही गेले. सकाळी डिपार्टमेंटला पोचले तर काचेला टेकून पडलेले, शेपट्या वाळलेल्या. ही तिसरी खेप. खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारे हे निवटे मासे आमच्या लॅबमध्ये आले की मान टाकतात.
गाईड मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "केतकी, निवटे बिळं कशी खणतात ते बघायचंय ना? मग आधी ते जगायला हवेत. महिनाअखेरीस कमिटी आहे. तोवर जमलं नाही तर पीएचडीचा विषय बदलू." बदलू म्हणजे यीस्ट. कुणीतरी अर्धवट सोडून गेलेलं, फ्रीजमधलं. मला यीस्ट नकोय.

५ नोव्हेंबर, बुधवार
पाण्याचा खारेपणा बरोबर. चिखल खाडीचाच. मग काय चुकतंय? लॅबमधला सीनियर योगेश म्हणतो, "तुझा पायगुण गं." म्हटलं, तुझा एवढा चांगला, तर अजून इथे काय करतोयस? तोंड एवढंसं झालं त्याचं. चहा मग मलाच पाजावा लागला.

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळी ओहोटी. गोराईला गुडघाभर चिखलात. योगेशने एक चप्पल खाडीला अर्पण केली, पण निवटे छान मिळाले. डिपा. आज बंद, म्हणून बादली थेट घरी दहिसरला. बाथरूममध्ये ठेवली, वर ओलं गोणपाट. आई शेजारी केळवणाला गेलीय. अंग मोडून आलंय, झोपते.

१० नोव्हेंबर, सोमवार
काल पुढचं लिहायला हात धजला नाही.
जाग आली ती वासाने. तिरफळं, कोकम. झोपेतच भूक लागली, हे लिहितानाही लाज वाटते. स्वयंपाकघरात आई खुशीत.
"उठलंस? हात धू. निवट्यांचा तिखला केलंय."
"आई! ते माझे पीएचडीचे होते!"
"पीएचडीचे? जिते मासे बादलीत घालून हाडतत ते जेवच्याकच मां? माझो बापूस पण असोच गोणपाट घालून हाडी."
बाबा आधीच पानावर बसलेले. "चव मात्र झकास..." आईने नुसतं बघितलं, त्यांनी मान पानात घातली.
मी ढसाढसा रडले. आईने टोपावर झाकण ठेवलं आणि तीही जेवली नाही. तिचा तो चेहरा जात नाहीये डोळ्यांपुढून. तिची काय चूक? सांगून झोपायला काय झालं होतं मला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी बाबा बाथरूममधून ओरडले, "अगं, इथे कुणीतरी माझ्याकडे बघतंय!"
निवटा! एक सटकला होता. कोपऱ्यात पडलेल्या त्या ओल्या गोणपाटावर आरामात बसलेला. टुणटुणीत. आई धावत आली, "मारू नको हां त्येका! तो केतकीच्या कॉलेजचो!"
उपड्या बादलीवर बसून त्याच्याकडे बघत राहिले. लॅबमध्ये मोजूनमापून खारं पाणी, तिथे मरतात. आणि हा साबणाच्या फरशीवर जगतोय? असं काय आहे इथे?
चष्मा पुसला. परत धुरकटला. परत पुसला. आणि मग डोक्यात उजेड पडला. वाफ! बाबांच्या कढत पाण्याची. लॅबमध्ये मशीनसाठी एसी कायम चालू असतो, माझेसुद्धा ओठ फुटतात तिथे. निवटे पाण्याबाहेर ओल्या कातडीतून श्वास घेतात, हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलंय. आणि उघडी टाकी ठेवली कुठे, तर एसीच्या झोताखाली. धन्य!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
मॅडमना सगळं सांगितलं, तिखल्यासकट. इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. फोटो धुवायची जुनी डार्करूम मिळाली. मोडक्या खुर्च्यांचं गोदाम झालंय तिचं, पण एसी नाही, दमट. टाकीला झाकण आणि वर दिवा.
घरचा पाहुणा घरीच, बाथरूममध्ये चिखलाच्या टबात. बाबा आता आंघोळीला जाताना विचारतात, "येऊ का?"

१६ नोव्हेंबर, रविवार
नवी खेप. मॅडमनी डिपा. उघडायला लावलं, थेट डार्करूममध्ये. आईचा फोन, "घराक हाडू नको हां. माझो हात ऱ्हवाचो नाय."

२४ नोव्हेंबर, सोमवार
सगळे जिवंत. म्हणजे सकाळी एक दिसेना, टाकीभर शोधला. मग चिखल हलला. भोकातून डोकं वर, तोंडात चिखल, बाहेर थुंकला, परत आत. बीळ! माझ्या टाकीत! लगेच व्हिडिओ काढला. पहिला फोन आईला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
कमिटी झाली. व्हिडिओ दाखवला. बाहेरून आलेले सर म्हणाले, "एक टाकी, एक बीळ. योगायोग नसेल कशावरून?" म्हटलं, "माहीत नाही सर. तेच शोधायचंय." मॅडम मान खाली घालून कागद चाळत होत्या. हसत होत्या का? "कळवू," म्हणाले. बस्स, एवढंच.

३० नोव्हेंबर, रविवार
अजून काही नाही. योगेश म्हणतो, "उशीर म्हणजे चांगलं लक्षण." त्याला काय कळतंय, पण म्हणू दे.
आई बाजारातून नुसते बोंबील घेऊन आली. "निवटे होते. कोळीण हाका मारी होती. पण एक टोपलेतसून वर येवन माझ्याकडे बघूक लागलो. घेवक नाय झाला गे माका."
मग बोंबील साफ करता करता, "ते नाय म्हणाले तर?"
"तर यीस्ट."
"आणि ह्यो?"
"खाडीत सोडायचा."
आईने हात धुतले, गॅसवरचं कढत पाणी तांब्यात घेतलं आणि बाथरूमच्या फरशीवर ओतून दार ओढून घेतलं. हे ती रोज करते म्हणे, मी डिपार्टमेंटला गेले की. मला आज कळलं.
"तेंका काय ता ठरवू दे," म्हणाली, "तोपर्यंत ह्येका सुकाक देवचय नाय."