राखणदाराला कबूल केलेलं बदक

भांडुप, गुरुवार

भिकूदादास,

धाकट्या मालनचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे, वहिनीचा खोकला थांबला का, म्हैस व्याली का, सगळं कळव. आम्ही इकडे बरे आहोत असं लिहायचं असतं, म्हणून बरे आहोत.

शिमग्याआधी जयूला ताप भरला होता ते तुला माहीत आहे. पोर डोळे उघडेना, डॉक्टर म्हणाला बघू, आणि मी परसात गेले. (घाबरले की मी परसातच जाते, तिथे निदान सासूबाई नसतात.) डालग्याखाली तांबडी कोंबडी अंड्यांवर खुडूक बसलेली. तिच्यासमोर हात जोडून मी आपल्या गावच्या राखणदाराला बोलले, हिच्याखालून पहिला नर निघेल तो तुझा, माझी पोर उठव. पोर उठली. चहात बुडवून पाव मागितला. आता ती अंडी बदकीची होती हे मला तेव्हा आठवलंच नाही. बदकी अंड्यांवर धड बसत नाही म्हणून मीच ती तांबडीखाली सरकवली होती, पण नवस बोलताना डोकं ठिकाणावर कुठे होतं.

पिल्लं निघाली ती सरळ गटारात उतरली, आणि तांबडी काठावर उभी राहून अशी ओरडली की शेजारची शेवंती लाटणं घेऊन धावत आली. तिला वाटलं सासूबाईंनी मला धरलं. पुढे बाकीची घुशींनी नेली, एकच राहिलं. मी रोज म्हणायची, देवा, मादी कर. परवा त्याच्या शेपटीवर कुरळं पीस आलं (नरालाच येतं).

हे म्हणतात, देवाला कोंबडा पोचल्याशी मतलब, दुकानातून आणू. (गिरणी बंद पडल्यापासून हे सगळ्यातच मत देतात.) सासूबाई म्हणतात, "बोललीस ना गं तोंडाने? मग तेच दे. पण राखणदाराला बदक दिलेलं मी जन्मात नाही बघितलं." म्हणजे दिलं तरी चूक, नाही दिलं तरी चूक. शेवंती म्हणते, रस्सा झकास होतो. आणि जयू त्याला शेजारी पाटावर बसवल्याशिवाय घास घेत नाही. सायेब म्हणते त्याला. आधी सायेब जेवतो, मग ही. तापानंतर पोरीच्या फासळ्या दिसायच्या, आता गाल जरा भरलेत. ते राखणदारामुळे की बदकामुळे, कोणाला विचारू? दमले रे दादा. सुरी काढते, धुते, परत ठेवते.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापा.

तुझी
मालन

ता. क. देवळात गुरवाकडून कौल लावून घे. बदकाऐवजी आमचा मोठा कोंबडा चालेल का विचार. चांगला जाड आहे, आणि पहाटे ओरडून सगळ्या चाळीच्या शिव्या खातो. तो गेला तर कोणी रडणार नाही.

आणखी एक ता. क. कौल उजवा पडला तर होय. डावा पडला तर परत लाव. तुझं लग्न ठरवताना बाबांनी उजवा पडेपर्यंत लावला होता, तेव्हा देव काही बोलला नाही, आणि वहिनी चांगलीच निघाली.

शेवटचं. ताप परत येईल का, हे मात्र विचारू नकोस.