जे पहिलं समोर येईल

पांढरकवडा,
ता. ९ नोव्हेंबर १९६३

प्रिय दावीद यास,
एस्तेरताईचा सप्रेम सलाम.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. चार पानं, तीही हेडमास्तरच्या अक्षरात, समास सोडून! विमलचे टाके निघाले, ती नागपूरहून घरी आली, हे वाचून देवाचे उपकार मानले. तिला दोन महिने तरी विहिरीचं पाणी ओढू देऊ नकोस. दवाखान्यात माझी हयात गेली, तेव्हा एवढं माझं ऐक.

इकडे कापसाची वेचणी जोरात आहे. बाया दिवसभर वावरात, त्यामुळे सकाळी दवाखान्यात माशा मारायच्या आणि संध्याकाळी पाणी प्यायला फुरसत नाही. उत्तराला चार दिवस लागले ते या गर्दीमुळे, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही.

विमल टेबलावर असताना तू बाहेरच्या बाकावर बसून देवाला शब्द दिलास, ही वाचली तर माझ्या लेकीला, करुणाला, तुझ्या सेवेला देईन, माझ्या बहिणीसारखी, बिनलग्नाची. आता तिला मागणी घातलेल्या आर्णीच्या त्या मास्तरांना नकार कळवणार आणि चोवीस तारखेला चर्चमध्ये हंगामाच्या सणात तिला मंडळीपुढे उभी करणार. पोरगी धड जेवत नाही म्हणतोस. आणि मी तिला आज्ञापालनाबद्दल दोन ओळी लिहाव्यात. ‘बाबांनी तुला दिलं, तू हसत गेलीस. तुझं ती ऐकेल.’

ऐकेल रे. म्हणूनच हात चालत नव्हता.

तुला राजूरचं आपलं घर कितपत आठवतं? तू सात वर्षांचा होतास, मी तेराची. दोन खोल्या, पुढे कडुनिंब, आणि दाराशी बांधलेली चिंगी बकरी. बाबा उपदेशाच्या दौऱ्यावरून परत आले की पिशवीत पुस्तकांखाली बाभळीच्या शेंगा असायच्या. गाडीच्या घुंगरांचा आवाज आला की चिंगी दावं सोडवून धावत सुटायची आणि थेट पिशवीत तोंड घालायची. आई म्हणायची, “घरधन्याले भेटाचा पह्यला मान बकरीचा, मंग आमचा.” बाबा हसायचे. ते असे पोट धरून हसायचे हे आता कोणाला सांगितलं तर पटायचं नाही.

त्या साली तुला मुदतीचा ताप आला. बाबा दहा कोसांवर होते. आर्णीहून आत्याबाई आली होती. ती आपल्या देवांची, आपण आपल्या, पण तुझ्या उशाशी बसताना तिने कधी भेद केला नाही. बाबांना निरोप गेला की या, लेकरू राहत नाही. सेवादास गाडीवान त्यांना घेऊन निघाला. वाटेत बाबांनी मोठ्याने प्रार्थना केली, ती सेवादासने शब्दन् शब्द ऐकली: पोरगा जिता दिसला, तर दारात जे पहिलं माझ्यासमोर येईल ते प्रभू, तुझं.

आणि मी धावत गेले. तुझा ताप पहाटे उतरला होता, तुला पहिल्यांदा गाढ झोप लागली होती, आणि ते सांगायला मी अनवाणी रस्त्यापर्यंत गेले.

बाबा गाडीतून उतरलेच नाहीत. तसेच बसून राहिले. मला वाटलं, आनंदाने.

पुढचं तुला पाठ आहे. सेवादासने बाजारभर सांगितलं. रविवारी मंडळीत बायबलातल्या इफ्ताहाची, लढाई जिंकलो तर दारातून जे पहिलं सामोरं येईल ते देवाला अर्पीन म्हणणाऱ्या बापाची, आणि सामोऱ्या आलेल्या त्याच्या एकुलत्या मुलीची गोष्ट वाचली गेली, आणि मी उठून तिचंच वाक्य म्हटलं की बाबा, तुमच्या तोंडून शब्द निघाला आहे, तसं माझं करा. बायांनी डोळे पुसले. मी तेरा वर्षांची होते, दावीद! मला त्या वाक्यातलं काय कळत होतं? पण सगळे माझ्याकडे पाहत होते ते मला आवडलं. तुला खरं सांगायचं तर पुढेही आवडत राहिलं. जिथे जाईन तिथे लोक म्हणायचे, ही ती मुलगी. त्याची चटक लागते.

आत्याबाई तेवढी रडली नाही. अंगणात येऊन बाबांना त्यांच्या जुन्या नावाने हाक मारून म्हणाली, “आमचा देव एका बोकडावर राजी झाला असता, किसन. तुह्या देवानं पोरगी घेतली काय?”

फिलिप कंपाउंडर तुला आठवत असतील. सायकल शिकवताना त्यांनी तुला नाल्यात पाडलं होतं. दोन वर्षं त्यांनी वाट पाहिली. मी त्यांना पुन्हा तेच वाक्य ऐकवलं. त्यांची बदली झाली, लग्न झालं, मुलं झाली. मला ते आवडत होते. हे मी आजवर कागदावर कुठेच लिहिलं नव्हतं.

आता जे लिहायचं टाळते आहे ते.

अठ्ठावन साली बाबा शेवटचे आजारी होते तेव्हा तू परीक्षेच्या कामात होतास आणि मी एकटी जवळ होते. एका दुपारी त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, “एसू, मले वाटलं बकरी येईल.”

मला वाटलं, तापात बरळताहेत. म्हटलं, “कोनती बकरी, बाबा?”

“आपली चिंगी. ते रोजच पह्यली येत होती न. मी गावोगाव लोकाईले सांगत होतो, नवस बोलू नका, बोकड कापू नका. अन् माह्याच लेकरावर आली तं देवाले बकरी कशी म्हनू? लाज वाटली. म्हनून पुस्तकातली भाषा वापरली, जे पह्यलं समोर येईल ते.”

“पन बाबा, त्या गोष्टीचा शेवट तुमाले ठाव होता न?”

“ठाव होता व माय. तवा अर्धीच आठोली.”

तुझा ताप उतरला त्या दिवशी चिंगी सारखी ओरडत होती. तुझी झोप मोडू नये म्हणून मीच तिला स्वयंपाकघरामागे खुंटीला बांधली होती.

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात? म्हणाले, “रविवारी तू उठून उभी राह्यली. सारे रडले. मंग कोन्या तोंडानं सांगू?” त्यांनी माफी मागितली. मी म्हटलं, मी सुखात आहे. ते धादांत खोटं नव्हतं, अर्धं होतं. माझ्या हातून शेकडो लेकरं जन्मली, त्याचा मला अभिमान आहे. पण ते काम मी लग्न करूनही केलं असतं.

ही गोष्ट पाच वर्षं मी तुझ्यापासून लपवली. बाबांच्या नावासाठी, असं मनाला सांगत होते. खरं म्हणजे माझ्यासाठी. अर्पण केलेली मुलगी म्हणून तीस वर्षं मिरवले, आता बकरीच्या जागी गेलेली मुलगी म्हणून कोण मिरवणार? पण मी गप्प राहिले आणि तू बाबांची ती प्रार्थना आदर्श म्हणून उचललीस. करुणावर हे आलं त्यात माझा वाटा आहे.

तू मंडळीचा पंच आहेस, शास्त्र माझ्याहून जास्त वाचतोस. शौल राजानेही रणात अविचाराने शपथ घातली होती की संध्याकाळपर्यंत जो काही खाईल तो शापित, आणि त्याच्याच मुलाने, योनाथानाने, नकळत मध चाखला. बाप मारायला निघाला तेव्हा लोक आडवे आले, म्हणाले, याच्या केसाला धक्का लागायचा नाही. शपथ मोडली, पोरगा वाचला, आणि आभाळ काही कोसळलं नाही. इफ्ताहाच्या मुलीसाठी मात्र एकही माणूस बोलल्याचं लिहिलेलं नाही. तिच्या मैत्रिणी तेवढ्या डोंगरावर तिच्यासोबत रडल्या.

तेव्हा करुणाला दोन ओळी लिहिल्या आहेत, कालच्या टपालाने गेल्या. तुला आधी न विचारता. ‘मास्तर आवडत असतील तर हो म्हण. जेव.’

चोवीस तारखेला मी सकाळच्या मोटारीने येते. तू तिला उभी केलीस, तर तिच्याआधी मी उभी राहीन आणि बकरीची गोष्ट पहिल्यापासून सांगेन. लोक हसतील. बाबांना हसतील, मला तर फारच. ज्या बाया माझ्याकडे पाहून डोळे पुसत आल्या त्याच तोंडाला पदर लावतील. हसू देत. तेरा वर्षांची असताना दिलं ते बाबांनी दिलं होतं. हे मी देते आहे.

रागावलास तरी मोटार स्टँडवर कोणाला तरी पाठव, माझे गुडघे आता पूर्वीचे राहिले नाहीत. विमलला आणि करुणाला आशीर्वाद.

इतकी वर्षं पत्राखाली ‘प्रभूची दासी’ असं लिहीत आले. आज नुसतं नाव लिहिते.

तुझी ताई,
एस्तेर